कॉइलचा पाय

बाबा, काल आमच्या वरळीच्या ऑफिसात एका चुकीवर बैठक झाली. चूक माझी होती, आणि ती तुम्ही सहा वर्षांपूर्वीच मला दाखवली होती.

तो रविवार आहे. लालबागच्या खोलीत आई मोरीपाशी बांगडे साफ करतेय, मी खाटेवर लॅपटॉप उघडून बसलेय. मिल बंद पडल्यावर रंगाच्या कारखान्यात ज्या रिअ‍ॅक्टरवर तुम्ही उरलेली नोकरी काढलीत, तसल्याच टाकीचं काम माझ्याकडे आलंय. आतला पंखा फिरला की द्रव कुठे जोरात वाहतो, कुठे रेंगाळतो, हे कॉम्प्युटर गणिताने काढतो आणि रंगांत दाखवतो. लाल म्हणजे वेग, निळं म्हणजे संथ. तुम्ही चष्मा पुसून बराच वेळ बघता. मग विचारता, "आणि कॉइलचो पाय खंय गो? तेच्या मागे तळाक माल बसता. आम्ही बांबू घालून ढवळायचो." टाकीतली तापवायची नळी ज्यावर उभी असते, तो लोखंडी आधार मी मुद्दाम वगळला होता. टाकी दोन्ही बाजूंनी सारखी धरली की अर्ध्याच टाकीचं गणित सोडवावं लागतं, वेळ वाचतो. "बाबा, एवढ्याशा लोखंडाने काही होत नाही. हे गणित आहे, अंदाज नाही." आईचा हात थांबला. "आसात," एवढंच म्हणून तुम्ही गॅलरीत जाऊन उभे राहिलात. त्यानंतर माझ्या कामाबद्दल कधी काही विचारलं नाहीत, आणि पुढच्याच वर्षी गेलात.

गेल्या महिन्यात त्या टाकीच्या तळाशी साचलेला माल तापला, दाब वाढला आणि झाकणाच्या सांध्यातून वाफ उसळली. तिथल्या ऑपरेटरचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मी परळला हॉस्पिटलात भेटायला गेले, तर तो डाव्या हाताने स्टूल पुढे सरकवत म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतलात? बसा ना." मला बसवेना. परत येऊन गणितात तो आधार घातला, अख्खी टाकी सोडवली. आधाराच्या मागे निळा डाग होता, जागचा न हलणारा.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "इतकी बारीक गोष्ट तुमच्या लक्षात कशी आली?"

"पुन्हा तपासताना दिसली," मी म्हटलं. तुमचा विषय काढला असता, तर सहा वर्षांपूर्वी मला सांगितलं होतं हेही बोलावं लागलं असतं. एकाने माझ्या चिकाटीचं कौतुक केलं आणि मी ते ऐकून घेतलं.

आईला मी अपघाताचंही सांगितलेलं नाही. हा कागद तिच्या हाती लागू नये म्हणून ऑफिसच्या खणात ठेवतेय.