आठ हजार गाणी नकोत, बटण पायजे

संस्कृती बाई,

दुखण्याच्या गोळीनं तुझा डोळा लागला, म्हणून उठवलं नाही. मी पोलीस ठाण्यात चालले. माझा गाण्यांचा प्लेअर सोबत नेते.

पैठण गेटच्या दुकानात तू केवढी हसली होतीस! "आत्याबाई, मोठा घ्या, आठ हजार गाणी बसतात." मी हट्टानं हा बारका घेतला, कारण ह्याला रेकॉर्डिंगचं बटण होतं. भजनाच्या चाली धरायच्या होत्या.

मागच्या खेपेलाही बटण दाबलं होतं, पण तू पहिल्यांदा ओरडलीस अन् ह्याची जागाच संपली. तव्हाच सगळी भजनं पुसून ठेवली. देव समजून घेईल. काल माझ्या लेकानं, सत्यमनं, पट्टा काढला तसं पदराआडून बटण दाबलं. अकरा फटके नीट ऐकू येतात. तुझा दात पडल्यावर मी "सोड तिला" म्हणाले, तेही आहे. माझाच आवाज लई बारका आला.

तो पाचला ड्यूटीवरून येईल. त्याच्या आधी मी पोलिसांना घेऊन येते. उठलीस की आतून कडी लाव अन् तोवर काढू नको, त्यानं आईची शपथ घातली तरी.

भाकर दुधात कुस्करून ठेवली आहे. डाव्या बाजूनं खा.

तुझी सासू,
कडूबाई