थाळातली जागा

७८६
नेरुळ, २० फेब्रुवारी १९९७

आदरणीय नाझिया आपा यांस,
धाकट्या सलिमाचा सलाम. वि. वि.

ईद करून सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेल्या सुक्या बोंबलांचा वास आमच्याआधीच सोसायटीत पोचला. आमचे हे, अब्दुल्ला, बेलापूरच्या ऑफिसात डब्याला नेतात आणि वर वासाची तक्रारही करतात.

अफशाचं गळ्याखालचं हाड पुन्हा सुजलंय. हाडात जंतू आहेत म्हणून डॉक्टरांनी कितीतरी महिने अँटिबायोटिक्स दिली, एकदा हाड उघडून खरवडलं. तपासणीत मात्र एकही जंतू सापडला नाही. आता पुन्हा उघडायचं म्हणतात. मला पटल्याशिवाय मी होकार देणार नाही.

आता भांडणाचं. ईदला आपण सगळ्या एका थाळाभोवती जेवायला बसलो आणि अफशाला तू खिडकीशी वेगळं ताट मांडलंस. अकरा वर्षांच्या पोरीला सगळं कळतं, आपा. मे महिन्यात नौमानच्या निकाहला येणार नाही म्हणते. तुझ्या लेकाचं लग्न आणि माझी लेक घरात बसून, हे मला सहन व्हायचं नाही.

भांडले तरी लोभ असू दे.
तुझी सलिमा

म्हसळा, २७ फेब्रुवारी १९९७

चि. सलिमास आपाची दुआ. वि. वि.

तुझा राग पोचला. जंतू, जंतू तूच म्हणत होतीस ना? मग पोरीच्या तळहातांवर पुवाच्या पुळ्या दिसल्यावर मी काय करायचं होतं? घरात तान्हं नातवंड आहे. ताट मी विचार करूनच मांडलं.

पण एक सांगते. हाड दुखायला लागलं की तिच्या हातांवर पुळ्याही उठतात. गेल्या बकरी ईदलाही तसंच झालं होतं. आणि आपण दोघी काय करतो? थंडावा म्हणून मेहंदी थापतो. डॉक्टरांनी ते तळवे कधी उघडे पाहिलेत का? रंगलेले हात पाहून, किती हौशी पोर, असंच म्हणाले असतील. मेहंदी बंद कर आणि हात दाखव. मोठ्या बहिणीचं फर्मान समज, तशी तू ऐकतेस कुठे!

माया आहेच, ती कमी समजू नकोस.
आपा

नेरुळ, १८ मार्च १९९७

आदरणीय आपा यांस सलाम. वि. वि.

ऐकलं बघ तुझं. मेहंदी उतरू दिली आणि अफशाचे तळहात, तळपाय डॉक्टरांसमोर धरले. आधी का नाही दाखवले विचारलं. मी मेहंदीचं सांगितलं, तर ते हसले नाहीत. लगेच त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. पुळ्यांतल्या पुवातही जंतू नाहीत. हाड आणि हात, दोन्ही एकाच आजाराचे, असं दोघांचंही मत पडलं. शरीर आपणहून सूज आणतं. जंतूच नाहीत, तेव्हा कुणाला लागायचाही प्रश्न नाही. ऑपरेशन रद्द, अँटिबायोटिक्स बंद, सूज उतरायच्या गोळ्या सुरू. अधूनमधून उसळेल, कदाचित काही वर्षं, पण बहुतेक मुलं यातून बरी होतात म्हणाले. मी जिन्यात बसून रडले, आनंदाने.

अफशाने डॉक्टरांना स्वतः विचारलं, की सगळ्यांबरोबर एका थाळात जेवलं तर चालेल का. पोट भरेपर्यंत जेव, म्हणाले. तरी निकाहला यायचं नाव काढत नाही. खालाने स्वतः बोलवायला हवं म्हणते. हा स्वभाव कुणावर गेलाय, तुला ठाऊक आहे.

दुआ आणि लोभ दोन्ही हवेत.
सलिमा

म्हसळा, २५ मार्च १९९७

चि. अफशा बेटीस नाझिया खालाच्या अनेक दुआ.

हे पत्र तुला आहे. अम्मीने आधी फोडलं असेल तर तिला रागव.

नौमानच्या निकाहला थाळाभोवती माझ्या उजव्या हाताची जागा तुझी. तिथे दुसरी कुणी बसली तर मी उठवीन, मग ती नवरीची आई का असेना. खिडकीजवळचं ते ताट शोधू नकोस. परसात कोंबड्या त्यातले दाणे टिपतात.

मेहंदी हौसेने लाव, झाकायला लावू नकोस. आणि त्या दिवशी हातांवर पुळ्या असल्या तरी पहिला घास तूच मला भरवायचा. तो खाल्ल्याशिवाय मी थाळाला हात लावणार नाही.

तुझी वाट पाहणारी,
खाला