बोनेटवरचा तळहात

प्रिय बाळ्या,

तुझं पदक कितीला पडलं, हे मी गॅरेजात येईल त्याला ऐकवतो. सरकारी ट्रक एक, जळून खाक. तुझ्या खांद्यात लोखंडाचे तुकडे. आणि तुझ्या आईची झोप. त्यात एक गोष्ट धरायची राहिली होती.

पायाला प्लास्टर घातलेला तुझा सोबती येऊन गेला. त्याने चहा गार होऊ दिला, पण सगळं सांगितलं. पुलाखाली तुम्ही अडकलेले, समोरच्या पडक्या घरातून मशीनगन चाललेली, जखमींना पलीकडे न्यायचं तर डोकं वर काढायची सोय नाही. तू सरपटत रस्त्यात सोडलेल्या ट्रकमध्ये शिरलास, इंजिन रेटलंस आणि चावी बंद-चालू करत सायलेन्सरमधून बार काढत राहिलास. मास्तरांना दचकवायला हेच करायचास आणि माझ्या हातचा मार खायचास. शत्रूला वाटलं, बंदुका तिथेच आहेत. सगळा मारा ट्रककडे वळला आणि इकडे जखमी पार झाले. शेवटचा माणूस जाईपर्यंत तू चावी सोडली नाहीस. मग तोफेचा गोळा आला. "वेडा आहे तुमचा पोरगा," तो म्हणाला, "पण तो आमचा कोण लागतो, ते आमच्या घरी विचारा."

तेव्हापासून मी मिरवतोय. बोनेट न उघडता नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस मी. हेच कान पोराला दिलेत, म्हणतो. रजेवर असताना तू त्या खडखडणाऱ्या टॅक्सीच्या बोनेटवर तळहात टेकवून बेअरिंग गेलंय म्हणालास, तेव्हा मी टॅक्सीवाल्याला म्हटलं, बघ, याला तर कानही लागत नाहीत. सगळे हसले, तू हसला नाहीस. पाठीमागून पाना मागितला तरी वळायचा नाहीस. मला वाटलं, पदक डोक्यात गेलं.

परवा फोनवर विचारलं, कुठला खांदा दुखतो, डावा की उजवा? तू म्हणालास, "हो बाबा, मजेत." तुकडी आघाडीवर परत कधी निघते? "हो बाबा, मजेत." फोन ठेवला आणि तो तळहात आठवला.

सोबत्यांना सोडून यायला मन होत नाही म्हणून लपवतोयस, एवढं मला कळतं. पण उद्या तू पहाऱ्यावर उभा असशील आणि तुझ्या भरवशावर ते झोपलेले असतील. ज्यांना वाचवलंस, तेच. निघण्याआधी डॉक्टरांना सांग. घरी पाठवलं तर पाठवू दे. टॅक्सीवाला अजून तुझ्याच हाताची चौकशी करतो.

हे फोनवर सांगण्यासारखं राहिलं नाही, म्हणून कागद घेतला. मघाशी तुझ्या आईला विचारलं, तुला कधी समजलं? तू आलास त्याच दिवशी, म्हणाली. तेव्हापासून तिने तुला हाक मारणं सोडलं होतं. समोर येऊन, हलक्या आवाजात, ओठ नीट हलवून बोलायची. मी तिला घशाचं औषध आणून दिलं होतं.

तुझाच,
बाबा