रिकामा डबा पाठवू नये

बोथ,
दुकान बंद केल्यावर

तीर्थस्वरूप प्रयागआत्या यांच्या चरणी,

प्रणिताचा नमस्कार (चरणांपासून थोडं अंतर ठेवून, यात अनादर नाही). तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं आणि बाकी वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, हे मला शाळेत घालायच्याही आधी तुम्हीच ओट्यावर बसवून शिकवलं. आधी समोरच्याची तब्येत विचारावी आणि मग आपलं रडगाणं गावं, हेही तुमचंच. म्हणून आधी विचारते. गुडघा कसा आहे? साखर तपासून घेतली का? खोकला नाही ना? (असला तर तो फोडणीचा की दुसरा, हे कृपया वेगळं कळवावं.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. निदान हे वाक्य लिहिताना तरी बरे होतो.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे तुमचा फोन. तो लागेना तेव्हा आईने देव पाण्यात घातले. मग भाजीची गाडी घेऊन मुधोळला जाणारे अमृतराव तुम्हाला खिडकीतून पाहून आले आणि म्हणाले, बाई ठणठणीत आहेत, फोन ज्वारीच्या कणगीत आहे. मोबाईलच्या टॉवरमधून रोग येतो, हा मेसेज तुम्ही आम्हाला पाठवलात आणि लगेच फोन बंद करून कणगीत पुरलात. अडचण एवढीच झाली की तो मेसेज खोटा आहे हे सांगणारा मेसेज आम्ही तुम्हाला त्याच फोनवर पाठवला, आणि तो आता ज्वारीत आहे. मी तुम्हाला नावं ठेवत नाही. टॉवर आमच्या गल्लीच्या टोकालाही आहे, आणि तुमचा मेसेज आल्यापासून मी त्याच्याखालून श्वास रोखून जात होते. एकदा नेमकी तिथेच शीतल भेटली. तिने विचारलं, तुझं लग्न ठरलं म्हणे? तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून मी नुसती मान हलवली. ती बातमी नेरडीगोंड्यापर्यंत गेली आहे. तुमच्या कानावर आली तर विश्वास ठेवू नका. (मुलगा कोण आहे हे मात्र लोकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.)

आता मुख्य हकीकत. नाकात लिंबाचे थेंब सोडले की रोग आत शिरत नाही, हा तुमचा त्याआधीचा मेसेज. मी बाबांना म्हटलं, आधी कोणाला तरी विचारू. तर बाबा म्हणाले, "आक्कानं सांगतलं ना? आक्का खोटं कायले सांगन?" हे मात्र खरं आहे आत्या. तुम्ही आयुष्यात खोटं बोलला नाहीत, आणि म्हणूनच तुमच्या नावाने आलेलं खोटं आमच्या घरात थेट नाकापर्यंत पोचलं. सकाळी दहापर्यंतच दुकान उघडं ठेवायची मुभा, त्यामुळे सगळं गिऱ्हाईक एकाच वेळी येतं. बाबांनी गल्ल्यावर बसण्याआधी लिंबू घेतलं आणि भर गर्दीत त्यांना शिंका सुरू झाल्या. किती आल्या सांगता येत नाही, कारण मोजायला कोणी थांबलं नाही. देवानंदभाऊंच्या हातात टमाटे होते. ते त्यांनी परत टोपलीत ठेवले, एकेक करून, फार हळुवार, आणि म्हणाले, "तुमी आराम करा उत्तमराव, मी उद्या नेतो." तो उद्या पुढे फार दिवस आला नाही.

संध्याकाळपर्यंत उत्तमरावांना कोरोना झाला हे सगळ्या बोथला कळलं, आम्हाला सोडून. आम्ही दवाखान्यात जाऊन तपासणी केली. काही निघालं नाही. पण ते कोणाला पटेना. कोणी म्हणालं, रिपोर्ट विकत घेतला. कोणी म्हणालं, आजारी दाखवायचे सरकारकडून पैसे मिळतात, उत्तमरावांनी तेही घेतले. (म्हणजे बाबांनी आजारी असल्याचे पैसे घेतले आणि आजारी नसल्याचा कागद विकत घेतला. यात उरलं काय, हे कोणी सांगेना.) दुकान उघडायचं, भाजीवर पाणी मारायचं, आणि दहा वाजता तीच भाजी उचलून आत ठेवायची. आई रस्त्याकडे पाहत बसायची. मला लोकांचा राग आला. मग आठवलं की आदल्याच महिन्यात यशवंतराव नुसते खोकले तेव्हा मी रस्ता बदलला होता. त्यानंतर नीट रागावताही येईना.

अशात एका सकाळी आपल्या शेजारच्या पंचफुलाकाकूंनी मधल्या भिंतीवर डबा ठेवला. भाकरी आणि अंबाडीची भाजी. हाक मारून म्हणाल्या, "लक्ष्मी, तोंड पाडून काऊन बसून राह्यली वं? जेव आधी." आई जेवली आणि रडली, आणि मग घाबरली, कारण डबा परत करायचा होता. कोणाचं भांडं रिकामं परत पाठवू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, ही तुमची शिकवण. पण आम्ही संशयित. आमच्या हातचं शिजवलेलं त्यांना कसं द्यावं? बराच विचार करून आईने न विकलेली वांगी धुऊन भरली. दुसऱ्या दिवशी काकूंनी डबा पाठवला, कारण भरून आल्यामुळे तो आता आमचा झाला असं त्यांना वाटलं, आणि आत त्याच वांग्यांचं भरीत. डबा पुन्हा रिकामा. आईने टमाटे भरले. चटणी आली. दोडके गेले, दोडक्याच्या शिरांचाही ठेचा होऊन परत आला. शेवटी काकू भिंतीवरून म्हणाल्या, "बाई, आता थांब. घरात खाणारी मी एकटी, अन् तू तं माह्याच्यानं खानावळ चालवून घेऊन राह्यली." यात आम्ही त्यांना जेवू घातलं की त्यांनी आम्हाला, याचा मी पुष्कळ विचार केला. अजून ठरलेलं नाही. पण देवानंदभाऊंनी भिंतीवरचा डबा पाहिला, पंचफुलाबाई खातात आणि धडधाकट आहेत हे पाहिलं, आणि एक दिवस टमाटे न्यायला आले. त्यांच्या मागून बाकीचे आले.

नंतर दुकानदारांना कोरोनाच्या लसीची सुई द्यायची म्हणून टोकन आलं. पंचफुलाकाकूंनी त्यांची सुई आधीच घेतली होती. बाबा तयार नव्हते, कारण तुमचा सुईला नकार. काकू म्हणाल्या, "चला, मी येतो संगं, भेव वाटलं तर माहा हात धरा." नर्सबाईंनी बाबांना तेलुगूत "अय्या, कळ्ळु मूस्को" म्हणजे डोळे मिटा म्हटलं, तर बाबांनी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायच्या ऐवजी "आक्का, माफ कर" म्हटलं. सगळ्या रांगेने ऐकलं. आईने घेतली, मी घेतली. मला एक दिवस ताप आला. लपवत नाही.

घरी आल्यावर बाबांनी चमचा काढला. सुई घेतली की अंगाला लोखंड चिकटतं, हा तुमचा मेसेज त्यांनी जपून ठेवला होता. चमचा दंडाला लावला आणि तो चिकटला. आत्या, मी खोटं कशाला लिहू, तो खरंच चिकटला. बाबा खाटेवर बसले आणि दुकानाच्या किल्ल्या आईकडे देऊन टाकल्या. मी घाबरत घाबरत दुसऱ्या हाताला लावून पाहिला, सुई न घेतलेल्या. तिथेही चिकटला. मग कपाळाला. तिथेही. तेव्हा काकूंनी बाबांच्या दोन्ही दंडांना भरपूर पावडर फासली. चमचा खणकन खाली पडला. उन्हाळ्याचा घाम होता, बाकी काही नाही. बाबांनी किल्ल्या परत घेतल्या, पण गल्ल्यावर दिवसभर पावडर लावूनच बसले.

तुमच्या गल्लीतल्या वामनरावांचं मला माहीत आहे. सुई घेतली आणि गेले, असं सगळे म्हणतात. अमृतराव म्हणतात, ताप त्यांना आधीपासून होता. मी तिथे नव्हते, म्हणून यावर जास्त बोलत नाही. तुमची भीती वेडी आहे असं मी म्हणणार नाही. भीती मलाही वाटते, जवळजवळ सगळ्याचीच. इथे थांबते. मोठ्यांना नमस्कार लिहायचा, तर तिथे तुम्हीच मोठ्या आणि तुम्ही एकट्याच. म्हणून तुम्हालाच पुन्हा एकदा नमस्कार.

तुमची,
प्रणिता

ता. क. — हे पत्र नुसतं खुशाली कळवायला लिहिलं असं वाटलं असेल. तसं नाही. अमृतरावांची गाडी तुम्हाला मुधोळच्या सरकारी दवाखान्यात नेऊन परत घरी सोडेल, मी बोलून ठेवलं आहे. नोंदणीचा आकडा फोनवर येतो, तेव्हा फोन कणगीतून काढावा लागेल. ज्वारी झटकून घ्या, चालू होईल.

आणखी ता. क. — पत्रासोबत डब्यात कुरडया पाठवते आहे. डबा परत करताना एवढंच करा: सुई घेतली असेल तर त्यात काहीही घाला, चिमूटभर साखरही चालेल. घेतली नसेल तर डबा रिकामा पाठवा. तुमच्या हातून कोणाचं भांडं आजवर रिकामं गेलेलं नाही. (ही लबाडी आहे का याचा मी विचार केला. आहे.)

शेवटचा ता. क. — अमृतराव दारात हॉर्न वाजवत आहेत आणि आईने आत्ता डब्याचं बूड पाहिलं. त्यावर तुमचंच नाव कोरलेलं आहे. म्हणजे डबा तुमचाच, आम्हीच तो परत करतो आहोत, आणि तुम्हाला काही पाठवायची गरजच नाही. दुसरी युक्ती सुचायला वेळ नाही. सुई घ्या, आत्या. बाबा रोज तुमचा बंद फोन लावतात आणि लागला नाही की चार्जिंग संपलं असेल म्हणतात. पावडर कुरडयांच्या खाली आहे.