घरी आलेला प्याला

९ नोव्हें., रविवार
भरवेलीच्या खाणवस्तीत उपासना. आम्ही दोघं धरून पुढचे दोन बाक भरले, एवढीच मंडळी. तरी ह्यांनी मैदानात सभा असावी तसा उपदेश लांबवला. शेवटी मीच मुद्दाम खोकले. निवृत्तीनंतर नगरला गच्चीवर कुंड्या लावायच्या होत्या मला. मिशननं इथल्या मंडळीसाठी पाळक म्हणून विचारलं आणि हे परस्पर 'हो' म्हणून बसले. आता बालाघाटात भाड्याची खोली, आणि रुमाल नाकाला लावला की खाणीची काळी धूळ.

यमुनाबाई आल्या नाहीत. मोरीत पाय घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, चालतील. चालायला लागल्याही आहेत, वॉकर धरून दारापर्यंत. या गावात मला मनापासून आवडणारी हीच एक बाई. बाकीचे मला 'पाळकीणबाई' म्हणून दोन हात लांबच ठेवतात.

१२ नोव्हें., बुध.
य.बाईंकडे प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला, घेऊन गेलो. कल्पना माझीच. आमच्याकडे ज्याला देवळापर्यंत येववत नाही त्याच्या घरी पाळक जातोच, त्यात विशेष ते काय!

सून कांतानं दार उघडलं, ह्यांच्या हातातली प्याल्याची पेटी पाहिली आणि डोक्यावर पदर घेतला. य.बाईंनी विचारलं, "माह्यासाठीच आनलं?" हे म्हणाले, "खास तुमच्यासाठी." मग त्यांनी केस विंचरून घेतले, धुतलेलं लुगडं मागितलं. भाकर घेतली, प्याला घेतला, ह्यांना सलाम केला. "बरं केलं, आले ते." कांता भिंतीला टेकून रडत होती. मला ती तिची भक्ती वाटली.

येताना हे भलतेच खुशीत. "पाहिलंस? किती आस आहे लोकांना!"

१५ नोव्हें., शनि.
कांताचा फोन. सासू जेवत नाही.
"पोट दुखतंय का?"
"नाही जी, काहीच नाही दुखत. खातच नाही. लुगडे वाटून राह्यल्या सब को."
रविवारची उपासना झाली की सोमवारी जाऊ म्हटलं.

१६ नोव्हें., रवि.
उपासनेनंतर दादूराव थांबला. खाणीतून रिटायर झालेला, मंडळीचा पंच. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "बाई, डॉक्टरनं तुमाले अलग काही सांगतलं का? आमच्यापासून लपवून?"
नाही म्हटलं.
"मंग प्याला घरी काहून नेला?"

तेव्हा कळलं. आधीचे पाळक इथं उभी हयात होते. ते प्याला घरी न्यायचे तो फक्त डॉक्टरनं हात टेकल्यावर. इथं प्याला घरी आला म्हणजे माणसानं निघायची तयारी करायची. पाळकांना वरून समजतं, असा समज. पोराटोरांनाही ठाऊक. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

हे अंगणातच ओरडले, "हा काय अडाणीपणा!" दादूरावनं मान खाली घातली. ह्यांना तिथेच एक ठेवून द्यावी असं वाटलं मला.

१७ नोव्हें., सोम.
य.बाईंकडे. ह्यांनी शास्त्रातले दाखले देऊन समजावलं, आवाज अगदी मऊ ठेवून. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "साहेब, तुमी चांगले मानूस. तुमच्या तोंडानं सांगवत नाही, समजते मले."
जितकं नाही म्हणावं तितकी त्यांची खात्री पटते. काय करावं?

१९ नोव्हें., बुध.
डॉक्टर घरी येऊन गेले. सलाईन लावलं. नवा काही बिघाड नाही, पण या वयात अशीच उपाशी राहिली तर माझ्या हातात काही नाही, म्हणाले.
मुलगा प्रकाश खाणीतल्या पाळीवरून आला. माझ्याकडे न बघता बोलला, "चालून राह्यलती माही माय." एवढंच. बसायलाही सांगितलं नाही. का सांगावं?

२१ नोव्हें., शुक्र.
ह्यांची युक्ती: धडधाकट लोकांच्या घरी प्याला न्यायचा, म्हणजे समजच मोडेल. पटली मला. पेटी घेऊन भर दुपारी खाणीच्या कॉलनीभर फिरलो. पहिल्या घरी, "आमच्या इथं लहान लेकरं आहे साहेब." दुसऱ्या घरी आतून कडी. दादूरावनं पाणी दिलं, चहा दिला, आणि हात जोडून म्हणाला, "माफ करा, बुढी घाबरते." बुढी कुठं, तोच घाबरला होता.

पेटी आणली तशीच परत नेली. हे नाक्यावर चहाच्या बाकड्यावर बसले. इतके म्हातारे मला पहिल्यांदाच दिसले. राग होता तो गेला. नको होता जायला, रागाचा आधार असतो.

२३ नोव्हें., रवि.
पहिला बाकही पूर्ण भरला नाही. प्रार्थनेला डोळे मिटले की य.बाईंचं विंचरलेलं डोकं दिसतं. देवाशी बोलायला तोंड नाही. शिवाय त्याच्यावर चिडलेही आहे.

२४ नोव्हें., सोम.
पुन्हा य.बाईंकडे.

य.बाईंचा आवाज अगदी बारीक झालाय. मी म्हटलं, "अहो, मी स्वतः घरी कितीदा घेतलंय!"
"तिकडं घेतलं असन. इथं घे. माह्या खाटीवर. मंग मानतो." पहिल्यांदाच मला अरेतुरे केलं.

मी हसले. त्यात काय! आणि हसता हसता लक्षात आलं, मला नको आहे ते. आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलं मी, आणि मला भीती वाटली, साधी, लहान मुलासारखी.

ह्यांनी पेटी उघडली. वर न बघता हळूच म्हणाले, "राहू दे हवं तर."
हेही घाबरलेले! मग मात्र डोकं फिरलं माझं. चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी आडवी झाले. अरुंद खाट, त्यांचं खांद्याचं हाड टोचत होतं. ह्यांना शब्द आठवेनात, इतकी वर्षं म्हणताहेत तेच. भाकर जिभेवर कोरडी पडली. प्याला घेतला.

य.बाईंनी माझा हात घट्ट धरला. "बरं झालं. आता दोघी संगंच जाऊ."

कांता तांदळाची पेज घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, "मला भूक लागलीय. जेवल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही." एक चमचा मी खाल्ला. दुसरा त्यांच्यापुढे धरला. माझा घास खाली उतरतोय का, ते त्या बघत होत्या. मग तोंड उघडलं. पेज गालातच धरून ठेवली. गिळली की नाही, मला कळलं नाही. हात सोडला नाही.

परतताना मोटारसायकलवर हे म्हणाले, "बरं वाटतंय ना तुला?" रेल्वे फाटकाशी पुन्हा विचारलं. बालाघाटात शिरताना पुन्हा.
"गाडी चालवा," म्हटलं मी.