आत्या, आम्ही अजिंठ्याच्या रस्त्यानं परतलो

प्रिय आत्या,

परवा तुझी तेरवी. उद्या सकाळी बाबांना घेऊन मेहकरला निघतो आहे. जे बोलायचं ते इथं नागपुरातच बोलून घेतो. तिथं तेरवीच्या गर्दीत हे बोलता यायचं नाही.

दिवाळीच्या सुटीत कोराडीच्या मित्राची जीप मागून आम्ही निघालो होतो ना? मी, सुमन, चिंगी आणि मागच्या सीटवर बाबा. दौलताबाद, वेरूळ पाहायचं. बाबा एरवी कुठं यायला तयार नसतात, या खेपेला एका शब्दात 'हो' म्हणाले. मला वाटलं, म्हातारपणी लेण्यांची हौस आली! हौस कसली? रस्ता मेहकरवरून जात होता.

आणि मी काय केलं? तुझ्या दारात जीप बंदसुद्धा केली नाही. अंधार पडायच्या आत जालना गाठायचं होतं मला. तू फणकारलीस, "काहून गा, बसाले बी टाइम नाही का? आठ वर्सांनी तोंड दाखवून राहिला!"

"सोमवारी दुपारी जेवायलाच येतो. दोन दिवस राहतो. पाटोडीचा रस्सा कर," मी म्हणालो. लगेच विरघळलीस. बाबा खाली उतरले होते, त्यांच्या सदऱ्याची गुंडी तू लावून दिलीस. साठीच्या माणसाची गुंडी! पण आजी गेल्यावर तूच त्यांना वाढवलंस. तुझ्या लेखी ते पोरच.

दौलताबादला बाबा पायथ्याशीच बसून राहिले. चिंगीला दोनदा विचारलं म्हणे, "सोमवार कवा आहे वं?"

वेरूळला कुणीतरी म्हणालं, इथवर आलात नि अजिंठा नाही पाहणार? झालं, मी हुरळलो. सुमन म्हणाली, "अहो, आत्याबाई वाट पाहतील." त्यावर मी काय म्हणालो ऐक. "आत्या घरचीच आहे, ती कुठं पळून जाते? लेणी राहून जातील."

दोन हजार वर्षं जागची हलली नाहीत, ती लेणी राहून जातील म्हणे! अक्कल कुठं गेली होती माझी?

औरंगाबादहून तुला कार्ड टाकलं, अजिंठा पाहिला आणि खामगाव-अकोल्याकडून परस्पर नागपूर. बाबा रागावले असते तर मी जीप वळवली असती का? खरं सांगू, माहीत नाही.

कार्ड तुला बुधवारी मिळालं. शेजारच्या मास्तरीणबाईंनी आता पत्रातून कळवलं. सोमवारी तू चार पाट मांडून ठेवले होतेस. दिवेलागणीपर्यंत ओट्यावर बसून येणारी प्रत्येक गाडी पाहत होतीस. त्या म्हणाल्या, तुम्ही तरी जेवून घ्या. तर तू म्हणालीस, "पोरगं लेणी पाहून राहिलं असन. होते उशीर." माझीच बाजू घेतलीस! चार शिव्या का नाही दिल्यास गं?

तार आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाबांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि मला एवढंच विचारलं, "पाटोडी केली असन का गा तिनं?" मी मागच्या अंगणात जाऊन रडलो. त्यांच्यासमोर रडायचीही मला लाज वाटली. त्याच दिवशी त्यांना ताप भरला, म्हणून इतके दिवस निघता आलं नाही.

आज त्यांनी आपली पिशवी स्वतःच भरली. तेरवीनंतर महिनाभर तुझ्या घरी राहणार म्हणतात, एकटे. पिशवीचे बंद आवळता आवळता म्हणाले, "मले घ्याले कवा येशीन, तो दिवस आताच सांगून ठेव."

माझ्याच्यानं सांगवेना, आत्या. उद्या तुझ्या दारात सांगीन. तुझ्या ओट्यावर आता ते बसतील. जो दिवस सांगीन त्याच दिवशी येईन. दुपारच्या आत येईन.

तुझा,
दिलीप