रिबकामावशीचं पातेलं

कळंब, २९ मे २०२३

ती. रिबकामावशीस,
वाल्मिकचा सा. न. वि. वि.

मासळी खातात म्हणून ज्यांना दारातून परत पाठवलं, त्या आपणा सगळ्यांच्या वतीने लिहितो आहे. नेरळच्या नव्या सोसायटीत आमच्या जितेशने घर पसंत केलं, तर चेअरमन म्हणाला, आमच्याकडे सुकटीचा वास चालत नाही. आमच्या ताटात काय असावं हे सांगणारा हा कोण? चाळीस वर्षं मी याच विषयावर घसा फोडतो आहे, आणि आता गोष्ट माझ्याच लेकापर्यंत आली. ९ जुलैला नेरळला सभा घेतो आहे. तुम्ही तुमचा यहुदी धर्म पाळत आमच्या भिंतीला भिंत लावून जन्म काढलात. त्याबद्दल चार ओळी पाठवा, सभेत वाचतो.

सुंदरा विचारते, इस्रायलला जाऊन चार वर्षं झाली, मावशी तिकडची भाषा शिकली की नाय?

लोभ आहेच, तो वाढता ठेवावा.
वाल्मिक

अश्दोद, ५ जून २०२३

चि. वाल्मिक व सौ. सुंदरा यांस अनेक आशीर्वाद.

भाजीवाल्याशी मी अजून मराठीतच भांडते, आणि तो ऐकतो.

सभेत एवढं वाच. माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली त्या पावसाळ्यात सुंदराने मला दोन महिने रांधून घातलं. खवले आणि पर नसलेलं पाण्यातलं काही आम्हाला चालत नाही. कोळंबी नाही, चिंबोरी नाही, जवळा नाही. म्हणून तिने माझं पातेलं वेगळं ठेवलं, मसाल्याचा डबाही वेगळा. मला दिसत नव्हतं, तरी एकदाही विचारावं लागलं नाही. इथे मी सगळ्यांना हेच सांगते.

आणि सुंदरे, ती वांग्याची भाजी माझ्या हातून होत नाही गं. नारळाचं दूध, चिंच, सगळं घालते, तरी काहीतरी राहतंच. काय घालायचीस ते कळव.

तुमची माया अशीच राहो.
रिबका

कळंब, १३ जून २०२३

ती. मावशी,
सा. न.

तुमच्या ओळी मी सभेत वाचू शकत नाही. सुंदराला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी काय पण वेगळं घालत नव्हते. तिचं खरं आहे. घातलं मी. भाजलेल्या जवळ्याची पूड, तुमच्या डब्यात, तिच्या नकळत.

खाण्यावरची बंधनं म्हणजे बेड्या, असं तेव्हा मी गावोगाव सांगत होतो. ते खाऊन काही होत नाही हे सिद्ध करायचं होतं. काही झालंही नाही. तुम्ही भाजी आणखी मागितलीत, आणि मी अंगणात जाऊन एकटाच हसलो. त्या चेअरमनने जितेशला निदान तोंडावर सांगितलं.

सुंदराने माझ्याशी बोलणं टाकलं आहे. डबा तिने उकिरड्यावर फेकला. पातेलं तेवढं फळीवर आहे. सभा रद्द करतो आहे. मी आता कुठल्या तोंडाने बोलू? क्षमा मागतो. लोभाचं काही लिहायचा धीर होत नाही.

वाल्मिक

अश्दोद, २२ जून २०२३

चि. वाल्मिक यास,

सुनेने तुझं पत्र वाचायला मागितलं. दिलं नाही.

जवळ्याचा वास मला तेव्हा आला होता रं. सुंदराच्या पदराला असेल, असं समजले. एक शब्द विचारला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. आणि तुमच्या घरी विचारायला हवं होतं असं वाटावं, याचं जास्त वाईट वाटतं.

देवाचं आणि माझं मी बघेन. ती भाजी करणं सोडलं आहे. सुंदराला म्हणावं, तुझ्या हाताला दोष नाय.

पण सभा रद्द करू नकोस. जितेशला घर मिळायचं आहे, आणि तो चेअरमन चुकलेलाच आहे. तुझ्यावरचा लोभ गेलेला नाही, म्हणून सांगते. नऊ तारखेला माझं पातेलं फळीवरून काढ, नेरळला घेऊन जा, सगळ्यांना दिसेल असं समोर ठेव, आणि चेअरमनबद्दल बोलण्याआधी त्यात तू काय घातलंस ते सांग.

रिबका